प्रतवारीचा प्रश्न : पालघर आणि बोईसर-तारापूरच्या मोजणीचा इतिहास

एखादा प्रदेश पुढारलेला की मागास, तेथे राबवलेली धोरणे फळाला आली की वाया गेली, हे आकड्यांनी ठरवण्याची रीत महाराष्ट्रात जमीनमहसुलाच्या दप्तरातून सुरू झाली, पुढे ती अनुशेषाच्या अहवालांत आणि मानव विकास निर्देशांकाच्या तक्त्यांत शिरली, आणि आज प्रदूषणापासून पोषणापर्यंत सर्व विषयांत प्रदेशांची क्रमवारी लावली जाते. या दीड-पावणेदोनशे वर्षांच्या काळात उत्तर कोकणातील एकाच पट्ट्याला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याला, कधी राज्यातील अग्रेसर भूभागात आणि कधी अत्यंत वंचित भूभागात गणले गेले. या दोन निवाड्यांतील अंतराचे कारण पुष्कळदा तेथील जीवनमानात घडलेल्या बदलापेक्षा मोजणीसाठी निवडलेल्या एककात, म्हणजे कोणता भूभाग एकत्र धरून मोजायचा या निर्णयात, सापडते. या एककाचा आणि मापाचा इतिहास बाजूला ठेवला, तर पालघरबद्दलचे कोणतेही क्रमांक न्यायाने वाचता येत नाहीत.

मुंबई इलाख्यातील जमिनीच्या प्रतवारीची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. शेताचा सर्व्हे नंबर घेऊन त्यातील मातीची खोली, रंग आणि पोत पाहायचा, चुनखडी, उतार, पाणी साचणे असे दोष वजा करायचे, आणि उत्तम जमीन सोळा आणे धरून सर्व जमिनींना नऊ प्रतींत खाली खाली बसवायचे, अशी ती रीत होती. त्यानंतर हवामान, बाजारपेठेचे अंतर आणि शेतीची सर्वसाधारण स्थिती पाहून गावांचे गट पाडले जात आणि प्रत्येक गटाला कमाल दर ठरवून दिला जाई. दख्खनच्या पठारासाठी आखलेली ही मोजपट्टी कोकणात जशीच्या तशी चालली नाही, कारण भातखाचराची किंमत मातीच्या खोलीइतकीच पाण्याच्या सोयीवर आणि जमिनीच्या ठेवणीवर ठरते. त्यामुळे भातजमिनीसाठी वेगळी प्रतवारी करावी लागली. वरकस जमिनीचा, म्हणजे डोंगरउतारावरील हलक्या जमिनीचा, प्रश्न आणखी अवघड होता. तिच्यावर नागली-वरई निघे, पण तिचा खरा उपयोग राबासाठी होता. भाताचे रोप टाकण्यापूर्वी पालापाचोळा, गवत, झाडांच्या फांद्या आणि शेण पसरून वाफा भाजण्याची जी प्रथा आहे, तिला लागणारे सारे सामान वरकसातून येत असे. अशा जमिनीचे मोल तिच्या स्वतःच्या पिकावर काढले तर ते फारच कमी भरते, आणि शेजारच्या खाचराला ती जे पुरवते त्यावर काढले तर बरेच वाढते.

या जुन्या पद्धतीचा हेतू कर ठरवण्याचा होता आणि तिच्या अन्यायाच्या कथा विपुल आहेत, तरीही तिची एक शिस्त नोंद घेण्याजोगी आहे. दोन गावांची तुलना करण्यापूर्वी निसर्गाने आणि अंतराने कोणाला काय दिले याचा हिशेब ती आधी करत असे. समुद्रकाठच्या केळवे-माहीमची बागायत आणि घाटाच्या पायथ्याची वरकस जमीन एकाच दराने जोखणे तिला मान्य नव्हते. आजच्या बहुतेक निर्देशांकांत ही पायरी गळून पडलेली आहे. दुसरा फरक लोकांच्या हितसंबंधाचा आहे. वरची प्रत म्हणजे जादा सारा, म्हणून त्या काळी गावाला आपली प्रत खाली राहावी असे वाटे. स्वातंत्र्यानंतर निधी मागासलेपणाच्या प्रमाणात वाटला जाऊ लागला तेव्हा गावाचे हित तिथेच राहिले, पण अधिकाऱ्याचे हित उलट दिशेला गेले, कारण खालचा क्रमांक हा त्याच्या कामावरचा ठपका ठरू लागला. पीकपाण्याच्या आणेवारीचा, म्हणजे आजच्या पैसेवारीचा, आकडा पन्नास पैशांच्या वर की खाली यावरून दरवर्षी होणारी ओढाताण याच परंपरेतील आहे.

त्या दप्तरात आजचा पालघर जिल्हा एकसंध दिसत नाही. पालघर तालुक्याचे तेव्हाचे नाव माहीम होते आणि त्याचे ठाणे केळवे-माहीमला होते. मुंबई-बडोदा लोहमार्ग किनाऱ्यापासून आत पालघरवरून गेला आणि कालांतराने कचेऱ्याही रुळांच्या बाजूला सरकल्या. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान असल्याने १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये त्याचा विचार स्वतंत्रपणे झाला, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन ते ठाणे जिल्ह्यात आले. ज्या दिवशी हे विलीनीकरण झाले त्या दिवशी जव्हारच्या एकाही कुटुंबाचे जीवन बदलले नसेल, परंतु ठाणे जिल्ह्याची सरासरी बदलली, आणि जव्हारचा स्वतःचा आकडा त्या सरासरीत मिसळून गेला.

१९६० नंतर मागासलेपणाची मोजणी राजकीय कराराचा भाग झाली. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाड्याला समन्यायी वाटपाचे आश्वासन दिले होते. ते पाळले गेले की नाही हे तपासण्यासाठी १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. १९८४ च्या अहवालात समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण वीजपुरवठा, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे काढले, ती तूट भरून काढण्यास लागणाऱ्या खर्चाला अनुशेष म्हटले, आणि राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये ठरवला. सरासरीच्या पुढे असलेल्या जिल्ह्याचे काही काढून घ्यायचे नाही, फक्त मागे असलेल्याची तूट मोजायची, हा या पद्धतीतील विवेक मोलाचा होता, आणि वाद भावनेवरून आकड्यांवर आणण्याचे श्रेय दांडेकर समितीला निःसंशय दिले पाहिजे. मात्र एकक जिल्हा असल्यामुळे जिल्ह्याच्या पोटातील तूट या तक्त्यात उमटण्याची सोयच नव्हती. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तीन नावांनी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, तेव्हा तर जव्हारलगतचा मोखाडा तालुका आणि मुंबईलगतचा ठाण्याचा नागरी पट्टा हे दोन्ही ‘उर्वरित’ या एकाच शब्दात बसले.

याच सुमारास, १९९२ मध्ये, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले. त्या काळी ठाणे जिल्ह्याची ओळख भिवंडीचे यंत्रमाग, बेलापूरचा औद्योगिक पट्टा, कल्याण-डोंबिवलीची वसाहत अशी होती, आणि त्याच जिल्ह्यात कुपोषणाने मुले दगावत होती. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले, योजना आल्या, दौरे झाले. तक्त्यातील ठाण्याचे स्थान मात्र हलले नाही. मानव विकास निर्देशांक म्हणजे उत्पन्न, शिक्षण आणि आरोग्य या तिन्हींचा एकत्रित आकडा. १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने तो देशांसाठी वापरात आणला आणि २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालाने तो जिल्ह्यांना लावला. त्या अहवालात आणि २०१२ च्या अहवालातही ठाणे जिल्हा पहिल्या तिनांत होता.

याचे गणित सरळ आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता; त्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती आणि तिच्यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक नागरी होती. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे जिल्ह्याच्या सुमारे दोन टक्के भरते. या दोन तालुक्यांतील साक्षरता दहा टक्के बिंदूंनी वाढली किंवा घटली, तरी जिल्ह्याचा आकडा एक पंचमांश बिंदूने हलतो, आणि एवढा फरक पूर्णांकात छापलेल्या तक्त्यात दिसतही नाही. याचा अर्थ असा की जव्हार-मोखाड्यात राबवलेले धोरण यशस्वी झाले की फसले हे सांगण्याची क्षमताच त्या जिल्हावार क्रमवारीत नव्हती, आणि तरीही तिच्या आधारे निधीचे निर्णय होत राहिले.

नंदुरबारशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला, सातपुड्यातील अक्कलकुवा आणि धडगाव यांची स्थिती जिल्ह्याच्या आकड्यात उघडी पडली, २०१२ च्या मानव विकास अहवालात नंदुरबार शेवटच्या क्रमांकावर राहिला, आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या कार्यक्रमात महाराष्ट्रातून जे चार जिल्हे घेतले गेले त्यांत गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद यांच्यासह तो होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे नंदुरबारनंतर सोळा वर्षांनी, निर्माण झाला आणि या यादीत आला नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि तलासरी या तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. अक्कलकुवा-धडगावच्या आणि या तालुक्यांच्या परिस्थितीत साम्य पुष्कळ आहे, पण त्यांच्या शेजारी कोण बांधले गेले यात फरक आहे. नव्या पालघर जिल्ह्याची २०११ च्या आकड्यांनुसार लोकसंख्या २९.९० लाख, आणि त्यातले १३.४३ लाख लोक एकट्या वसई तालुक्यात आहेत. ठाण्याच्या सरासरीखालून निघालेला मोखाडा अशा रीतीने वसई-विरारच्या सरासरीखाली आला.

विभाजनाचा एक परिणाम ठाण्याच्या बाजूनेही पाहिला पाहिजे. आदिवासीबहुल तालुके वेगळे झाल्याने उरलेल्या ठाणे जिल्ह्याचे अनेक सरासरी आकडे कागदावर सुधारले, आणि त्यासाठी तेथे एकही शाळा किंवा दवाखाना नव्याने उघडावा लागला नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०११ च्या जनगणनेतील ६४० जिल्हेच धरले असल्यामुळे पालघर त्यात ठाण्यात गणला गेला, आणि त्याचे पहिले स्वतंत्र तथ्यपत्र २०१९-२१ च्या फेरीत निघाले. या दोन फेऱ्यांतील ‘ठाणे’ शेजारी ठेवून प्रगती मोजणे म्हणजे दोन वेगळ्या भूभागांना एकच नाव देऊन त्यांची तुलना करणे होय.

मापातील बदलाचा प्रश्न एककाइतकाच जुना आहे, आणि कुपोषणाच्या नोंदीत तो ठळकपणे दिसतो. अंगणवाडीत मुलाचे वजन वयाच्या प्रमाणात पाहून पूर्वी त्याला श्रेणी एक ते चार यांपैकी एकीत टाकत. ही श्रेणी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची होती. २००८ च्या सुमारास एकात्मिक बालविकास योजनेने जागतिक आरोग्य संघटनेची वाढमानके स्वीकारली. या बदलाने कमी वजनाच्या मुलांची एकूण संख्या घटते, पण तीव्र कमी वजनाच्या मुलांची संख्या वाढते, आणि हे त्याच मुलाचे वजन एका ग्रॅमनेही न बदलता घडते. त्यात ऋतूची भर पडते. जुलै ते सप्टेंबर या काळात, घरातले धान्य संपलेले आणि शेतातले अजून न आलेले असताना, घेतलेले वजन आणि भात झोडल्यानंतर घेतलेले वजन यांची तुलना होऊ शकत नाही. जी सेविका पाड्यापाड्यावर जाऊन प्रत्येक मूल काट्यावर ठेवते तिच्या अंगणवाडीचा आकडा खराब निघतो, आणि जिथे वजनच नीट घेतले जात नाही तिथला तक्ता स्वच्छ दिसतो. अशा क्रमवारीवरून ठपका ठेवणे म्हणजे प्रामाणिक नोंदीलाच शिक्षा करणे आहे, आणि प्रशासनाने ही चूक वारंवार केलेली आहे.

पालघर तालुक्यातील बोईसर-तारापूर येथे हाच प्रश्न औद्योगिक रूपात उभा राहतो. तारापूरचे अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाले आणि देशातील पहिले व्यापारी अणुवीज केंद्र ठरले. पुढे ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या २००५ व २००६ मध्ये आल्या, त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवण्यात आली. बोईसरजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत वाढत गेली आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. जिल्ह्याचे उत्पन्न काढताना ज्या जागी उत्पादन होते तेथे ते जमा धरण्याची पद्धत आहे, त्यामुळे अणुभट्टीतील वीज आणि कारखान्यातील औषध या दोन्हींचे मूल्य याच जिल्ह्याच्या खाती पडते. नफ्याची जी रक्कम भागधारकाकडे जाते आणि पगाराची जी रक्कम कामगार उत्तर प्रदेशातील किंवा ओडिशातील घरी पाठवतो, त्यांची वजावट त्यात नसते. दरडोई उत्पन्नाचा आकडा वाढतो तो अशा रीतीने, आणि त्यावरून जवळच्या दांडी, उच्छेळी किंवा नवापूर या गावांतील घराच्या मिळकतीबद्दल काहीही कळत नाही.

बोईसरचे प्रशासकीय स्वरूपही मोजणीला चकवणारे आहे. २०११ च्या जनगणनेत बोईसर ‘जनगणना नगर’ होते. किमान पाच हजार लोकवस्ती, तीन चतुर्थांश पुरुष कामगार शेतीबाहेरच्या कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान चारशे लोक, या कसोट्यांना उतरणाऱ्या पण नगरपालिका नसलेल्या गावाला हे नाव मिळते. म्हणजे जनगणनेच्या तक्त्यात बोईसर शहर, आणि जिल्हा परिषदेच्या तक्त्यात ग्रामपंचायत असलेले खेडे. चाळीत एका खोलीत राहणारे चार-पाच कामगार, त्यांचे सांडपाणी, त्यांचा कचरा, त्यांची मुले या सर्वांचा भार ग्रामपंचायतीच्या कुवतीवर पडला, पण जिल्हा परिषदेच्या हिशेबात या वस्तीचे आकडे ग्रामीण पालघरच्या सरासरीत गेल्याने ‘ग्रामीण’ या शब्दाखाली बोईसर आणि मोखाडा एकत्र आले.

प्रदूषणाच्या क्रमवारीत तारापूरचे नाव देशभर गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये ८८ औद्योगिक पट्ट्यांसाठी सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांक काढला. हवा, भूपृष्ठावरील पाणी आणि भूजल यांना वेगवेगळे गुण देऊन ते जोडायचे, आणि ७० वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या पट्ट्याला अतिप्रदूषित म्हणायचे, अशी ती रीत होती. या निर्देशांकाची जोडण्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. तीन गुणांची सरासरी न काढता सर्वांत वाईट गुण पाया धरायचा आणि उरलेल्या दोहोंमुळे त्यात थोडी भर घालायची. उदाहरणार्थ ६०, ५० आणि ४० असे गुण असतील तर सरासरी ५० येते, पण निर्देशांक ६८ येतो. एका बाबतीतले मोठे नुकसान दुसऱ्या बाबतीतल्या समाधानकारक स्थितीने झाकू नये, ही यामागची भूमिका आहे, आणि ती मानव विकासाच्या तक्त्यांत आली असती तर जव्हारची कथा वेगळी झाली असती.

२००९ मध्ये तारापूरला ७२.०१ गुण मिळाले, म्हणजे ४३ अतिप्रदूषित पट्ट्यांत त्याचे स्थान उंबरठ्याच्या जरासे वर होते. पहिले स्थान ८८.५० गुणांनी गुजरातमधील अंकलेश्वरचे होते. २०१८ च्या फेरीत, १०० पट्ट्यांमध्ये, तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले आले. या नऊ वर्षांत तारापूरची स्थिती एवढी बिघडली असे म्हणण्यापूर्वी पाहिले पाहिजे की २०१६ मध्ये सूत्रच बदलले होते: नव्या सूत्रात उद्योगांच्या प्रमाणाला २०, प्रत्यक्ष पर्यावरणाच्या स्थितीला ५०, आरोग्याच्या आकडेवारीला १० आणि नियमपालनाला २० गुण होते. दोन आकड्यांची वजाबाकी करून प्रदूषण सुमारे बावीस गुणांनी वाढले असे सांगणे चूक आहे. पण तेवढ्यावरून ९३.६९ हा आकडा निरर्थकही ठरत नाही, कारण त्या फेरीत सर्व शंभर पट्ट्यांना एकच सूत्र लागले होते आणि तुलना त्याच वर्षातली होती. क्रमांक त्या वर्षापुरता ग्राह्य आणि कल अग्राह्य, असा हा भेद आहे. उद्योगांच्या बाजूने आणि विरोधी बाजूने तो पाळला गेला असता तर बरीच निष्फळ भांडणे टळली असती.

क्रमवारीच्या या घोळात किनाऱ्याचे प्रत्यक्ष म्हणणे न्यायासनापुढे मांडले ते मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागून. वसाहतीतील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता दररोज २५ दशलक्ष लिटरची, येणारे पाणी त्याहून अधिक, आणि परिणाम मुरबे-सातपाटीच्या खाडीवर, ही त्या तक्रारीतील वस्तुस्थिती होती. येथेही धोरणाच्या फळाचा हिशेब सोपा नाही. सातपाटीच्या पापलेटची आवक घटण्यामागे सांडपाण्याइतकेच लहान मासळी उपसणाऱ्या जाळ्यांचे आणि यांत्रिक नौकांच्या वाढीचे कारण आहे, त्यामुळे उद्या नवे प्रक्रिया केंद्र पूर्ण क्षमतेने चालले आणि मासळी परतली नाही, तर धोरण फसले असा निष्कर्ष घाईचा ठरेल. पाण्यातील प्राणवायूची मागणी मोजता येते आणि तिची जबाबदारी निश्चित करता येते. मासळीच्या आवकेची तशी करता येत नाही.

जन्ममृत्यूच्या नोंदी या सर्व प्रकारच्या मोजणीचा शेवटचा आधार आहेत, आणि पालघरमध्ये तो आधारही सीमेवर विरळ होतो. १९६९ च्या कायद्यानुसार जन्म व मृत्यूची नोंद घटना घडेल त्या ठिकाणी होते. मोखाड्याचा अत्यवस्थ रुग्ण नाशिकला, तलासरी-डहाणूचा सिल्वासा किंवा वलसाडला हलवला जातो. तेथे तो दगावला तर नोंद तेथील रजिस्टरात जाते आणि पालघरचा मृत्युदर तेवढ्याने कमी दिसतो. सुसज्ज रुग्णालय असलेल्या जिल्ह्याला शेजाऱ्याचे मृत्यू आपल्या खाती घ्यावे लागतात.

नीती आयोगाने २०२३ मध्ये जिल्ह्याऐवजी तालुका-गट हे एकक धरून ५०० आकांक्षित गटांचा कार्यक्रम सुरू केला, ही दिशा योग्य आहे. तरीही पालघरच्या दरडोई आकड्यांखालचा भाजक आजही २०११ च्या जनगणनेवरून काढलेला आहे, आणि पुढील जनगणनेची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. २०११ मध्येही ती फेब्रुवारीतच झाली होती. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबे भिवंडी, वसई आणि वाड्याच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मोजणीचा संपूर्ण काळ जो माणूस घराबाहेर असतो त्याला जेथे सापडेल तेथे मोजायचे, असा जनगणनेचा नियम आहे. त्यामुळे भिवंडीच्या भट्टीवर असलेले कुटुंब ठाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येत धरले जाते, आणि त्याच कुटुंबातील मुलाचे नाव व वजन जव्हारच्या अंगणवाडीच्या वहीत असते.